चकती न मारता

गेल्या पावसाळ्यात पीयूसीत नापास झालेली २०१८ची एक डिझेल कार आमच्या सांगलीच्या गॅरेजला आली. मालक शाळेत शिक्षक. गाडी पिकअप घेईना, चढाला दम टाकायची आणि ॲक्सिलरेटर दाबला की मागे काळाकुट्ट धूर. आधी दाखवलं तिथे त्यांना टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणारा भाग, बदलायला सांगितला होता. तेवढा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून कुणाच्या तरी सल्ल्याने सर पत्र्याची चकती खिशात घालूनच आले. "दादा, एवढी ईजीआरला मारून द्या, बाकी काही नको."

चकती मारून ईजीआरची वाट बंद करणं सोपं आहे, पण मी ते करत नाही. सायलेन्सरकडे निघालेला थोडा धूर ईजीआर व्हॉल्व्ह परत इंजिनात सोडतो. त्यामुळे आतलं ज्वलन जरा थंड राहतं आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी तयार होतात. ती वाट बुजवली की काळा धूर कमी होतो, गाडी दिसायला स्वच्छ होते आणि तो न दिसणारा विषारी वायू वाढतो. पीयूसीला डिझेलचा फक्त धूर मोजतात, त्यात हे सापडत नाही. "सर, गाडी तुम्ही शाळेच्या फाटकातच लावता ना?" एवढंच विचारलं. त्यांनी चकतीचा विषय सोडला.

स्कॅनरवर कोड आला पी०४०२, म्हणजे ईजीआरचा प्रवाह गरजेपेक्षा जास्त. लाइव्ह डेटात ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, व्हॉल्व्हला पूर्ण बंद व्हायला सांगत होता आणि तो उघडाच राहत होता. म्हणजे इंजिनला ताजी हवा कमी पडत होती, काळा धूर त्याचाच. टर्बोचा शाफ्ट हलवून पाहिला, ढिला नव्हता. विनाकारण नवा टर्बो बसला असता आणि धूर तसाच राहिला असता, याचा राग येतो.

व्हॉल्व्ह उतरवला तर सीटवर काजळीचा खडा अडकलेला, हरभऱ्याएवढा. नुसती काजळी कोरडी असते; ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून, येणारी ऑइलची वाफ तिच्यात मिसळली की चिकट थर धरतो आणि पुढे दगड होतो. सिलिंडरला हवा पोचवणाऱ्या मॅनिफोल्डच्या ज्या तोंडात अंगठा जायला हवा, तिथे करंगळी अडत होती. मॅनिफोल्ड जागेवर कधीच खरवडू नये, काजळीचे तुकडे सरळ सिलिंडरमध्ये पडतात. काढूनच धुतला. व्हॉल्व्हला क्लीनर मारताना मोटरची बाजू वर धरायची, आत थेंब गेला की मोटर संपली. हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर पुसला, नवी गॅस्केट टाकली आणि स्कॅनरवरून व्हॉल्व्हचं लर्निंग केलं, म्हणजे त्याची बंद-उघडची जागा ईसीएमला नव्याने शिकवली.

बीएस-४ डिझेलला धुराच्या दाटपणाची मर्यादा १.६२ प्रति मीटर आहे. सरांची गाडी आरामात पास झाली.

"परत जमणार नाही ना?" त्यांनी विचारलं. जमणार, म्हटलं. घर ते शाळा एवढंच चालवलं तर इंजिन तापायच्या आतच बंद होतं. आठवड्यातून एकदा कोल्हापूर रोडला नेऊन जरा मोकळी पळवा. पुढच्या ऑइल बदलीला पाइप काढून आत बघू, ब्रीदरही तपासू.