गिलाव्याआडचं ब्रायटन

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्रायटनला येणारी माणसं पॅव्हेलियन हा जुना राजवाडा बघतात, पिअरवर, म्हणजे समुद्रात गेलेल्या धक्क्यावर फेरी मारतात आणि संध्याकाळच्या गाडीने लंडनला परततात. मी मुलीकडे आठ दिवस राहिले. तिच्या घरापासून ब्रायटनला लागून असलेल्या होव्हचा ब्रन्सविक स्क्वेअर हा चौक पाच मिनिटांवर. सकाळी सगळे कामाला गेले, की मी तिथल्या बागेत जाऊन बसायची आणि घरं बघत राहायची.

तीन बाजूंना घरांच्या रांगा, चौथीला समुद्र. १८२० च्या दशकात एमन वाइल्ड्झ आणि चार्ल्स बझबी या वास्तुकारांनी आखलेली ही वसाहत. भिंतीला भिंत लागून घरं, पण दर्शनी भिंत पुढे अर्धगोल फुगलेली. ती का, ते तिसऱ्या दिवशी कळलं. सपाट भिंतीच्या रांगेत आतल्या घराला समोरच्याच्या खिडक्या दिसल्या असत्या; या फुगवट्यामुळे कडेच्या खिडकीत उभं राहिलं की तिरपा समुद्र दिसतो.

खिडक्यांच्या उंचीवरून घरातली उतरंडही वाचता येते. स्वयंपाकघर रस्त्याच्या पातळीखाली तळघरात. त्याला उजेड मिळावा म्हणून दारापुढे खोल चर खणलेला, त्यावरून ओलांडायला पायऱ्या. पहिल्या मजल्यावर दिवाणखाना, म्हणून तिथल्या खिडक्या सगळ्यांत उंच, थेट लोखंडी बाल्कनीत उघडणाऱ्या. वर जावं तशा त्या बुटक्या होत जातात. अगदी वर, छपराखाली नोकरमाणसं. म्हणजे त्यांचा दिवस तळघरात आणि रात्र माळ्यावर, मधले सगळे जिने पाणी आणि कोळसा वाहत चढायचे. १३ नंबरच्या घरात जुन्या काळचं घर पुन्हा उभं करण्याचं काम कित्येक वर्षं चालू आहे. ते जरूर बघा.

समोरून ही घरं दगडी वाटतात. जवळ गेल्यावर दिसतं, की तो चुन्याचा गिलावा आहे. ओला असताना त्यावर रेघा ओढून दगडांचे सांधे भासवलेत. मागच्या गल्लीत एका कोपऱ्याचा पोपडा निघाला होता. आत गारगोट्या, समुद्रातले गोटे, विटांचे अर्धुक, सगळं चुन्यात कालवून फळ्यांमध्ये ओतलेलं. इथली माणसं त्याला ‘बंगरूश’ म्हणतात. भिंतीत पाणी मुरलं तर चुना सुटतो, म्हणून वरचा गिलावा आणि रंग हेच घराचं खरं छप्पर. इथली सगळी घरं ठरावीक वर्षांनी एकाच सायीच्या रंगात रंगवायची, असा कायदा आहे. मला तो फार शहाणपणाचा वाटला.

ब्रायटनच्या पूर्वेला रॉयल क्रेसेंट आहे. १७९८ ते १८०७ मधली चौदा घरं, काळीभोर, तुकतुकीत. वीट वाटते, पण आहेत काळी झिलई दिलेली कौलं! प्रत्येक कौल खालच्यावर असं बसवतात, की बाहेर फक्त विटेएवढा चेहरा उरतो. सांधे चुन्याने भरले की फसायलाच होतं. पाऊस नुकताच थांबला होता. मी एका कौलावर बोट टेकवलं. पाणी न मुरता थेंबाथेंबाने घरंगळत होतं, आणि त्या काळ्या झिलईत मागचा समुद्र अंधूक दिसत होता.

१९४५ मध्ये हा ब्रन्सविक स्क्वेअर पाडून तिथे नव्या इमारती बांधायच्या, असा विचार होव्हच्या नगरपालिकेत चालला होता. काही माणसं चिडून एकत्र आली, त्यांनी रीजन्सी सोसायटी काढली आणि घरं वाचली. शेवटच्या सकाळी मी बाकावर बसले होते, तेव्हा एका घरापुढे रंगाऱ्यांची परांची बांधून होत होती.