फोडी सारख्या नव्हत्या

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षी आमच्या वर्गाला स्वतःचे शैक्षणिक तत्त्वज्ञान लिहून आणण्यास सांगितले आहे. पहिला मसुदा मी एका रात्रीत पूर्ण केला. बालकेंद्री शिक्षण, ज्ञानरचनावाद, सर्वांगीण विकास हे सर्व शब्द त्यात आपापल्या जागी होते, पण त्यांतील एकही मी वर्गात उभी राहून पारखलेला नव्हता. तो मसुदा मी बाजूला ठेवला, याला कारण आंतरवासितेतील, म्हणजे शाळेत जाऊन प्रत्यक्ष शिकवण्याच्या काळातील, एक सरावपाठ.

वर्ग पाचवी, घटक अपूर्णांक. नागपुरात अंबिया बहाराची संत्री आली होती, म्हणून सीताबर्डीच्या एका हातगाडीवरून चार संत्री घेऊन मी शाळेत गेले. वर्गासमोर एक संत्रे सोलले आणि मुलांकडून फोडी मोजून घेतल्या. दहा भरल्या. एक फोड उचलून ‘हा संपूर्ण संत्र्याचा एक दशांश भाग’ असे मी फळ्यावर लिहीत असताना मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “मॅडम, फोडी तं लहान-मोठ्या हायेत.” मी वळून म्हणाले, “हायेत नाही, आहेत म्हणायचं,” आणि पुढच्या उदाहरणाकडे गेले. तासिका पस्तीस मिनिटांची होती, निरीक्षक मागे बसले होते आणि टाचणातील मूल्यमापनाचे प्रश्न अजून बाकी होते. निरीक्षणवहीत शेरा चांगला मिळाला: साधन समर्पक, भाषाशुद्धीकडे लक्ष.

उरलेल्या संत्र्यांपैकी एक मी त्या संध्याकाळी घरी सोलले. नऊ फोडी भरल्या होत्या आणि दोन मोठ्या फोडींच्या मध्ये दबलेली, बोटाच्या पेराएवढी एक दहावी होती. दहांपैकी ती एक होती, पण एक दशांश मुळीच नव्हती. अपूर्णांकाची सारी व्याख्या ‘समान भाग’ या दोन शब्दांवर उभी असते आणि त्या मुलाने नेमके तिथेच बोट ठेवले होते. त्या तासिकेत गणिताविषयी कोणी काही खरे बोलले असेल, तर तो एकटाच बोलला होता, आणि मी त्याचे क्रियापद दुरुस्त केले.

तेव्हापासून माझा विचार एका गोष्टीभोवती फिरतो आहे. शिक्षकाचे पहिले काम ऐकण्याचे आहे, आणि ऐकणे म्हणजे मूल ज्या शब्दांत बोलते त्या शब्दांतून त्याचा विचार उचलून घेणे. नागपुरात ‘मी अभ्यास करून राहिलो’ असे म्हणणारे मूल चुकीचे बोलत नसते. ते आपल्या घरच्या व्याकरणाप्रमाणे अगदी बरोबर बोलत असते. प्रमाण मराठी त्याला यायलाच हवी, कारण परीक्षा, अर्ज आणि कार्यालये त्याच भाषेत चालतात, आणि ती न शिकवणे हा त्याच्यावर अन्यायच होईल. प्रश्न क्रमाचा आहे. आधी त्याच्या म्हणण्याला उत्तर द्यावे, मग लेखनाच्या वेळी प्रमाण रूप दाखवावे. हा क्रम उलटला की मुलाला एवढेच कळते की आपण काय बोललो यापेक्षा कसे बोललो याला इथे अधिक किंमत आहे, आणि ते गप्प बसते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्यातील कलम २९ शक्य असेल तिथवर मातृभाषेतून शिकवण्यास सांगते आणि मुलाला भयमुक्त ठेवून मोकळेपणाने मत मांडण्यास मदत करावी असेही म्हणते. परीक्षेसाठी मी हे कलम पाठ केले होते. त्या दिवशी ते माझ्याच तासिकेत मोडले गेले.

संत्रे वर्गात आणण्यामागे नई तालीमचा, म्हणजे गांधीजींच्या हातकामातून शिकवण्याच्या योजनेचा, प्रभाव होता, हेही इथे नोंदवायला हवे. आमच्या शेजारच्या वर्ध्यात ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेतून आणि पुढे डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीच्या अहवालातून ती योजना आकाराला आली: सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेतून आणि एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाच्या आधाराने. टकळीवर सूत काढताना धागा तुटला तर चूक मुलाला स्वतःलाच दिसते, ती दुसऱ्या कोणी सांगावी लागत नाही, हे मला त्यातले सर्वांत मोलाचे वाटते. मी मात्र खरी वस्तू वर्गात नेली आणि तिचा खरेपणा मुलाने दाखवताच तिच्याकडे पाठ फिरवली.

तरीही नई तालीम मी जशीच्या तशी स्वीकारू शकत नाही. ज्या घरांत पिढीजात धंदा हीच बेडी होती, त्या घरांतील मुलांना शाळेने पुन्हा हातकामाशी का बांधावे, हा प्रश्न आमच्या शहरात फार खोलवर रुजलेला आहे. जुलै १९४२ मध्ये याच नागपुरात भरलेल्या दलित वर्गांच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अखेरचा जो सल्ला दिला, त्यात पहिला शब्द शिकण्याचा होता. तो शब्द मानणाऱ्या वस्त्यांतील पालक मुलाला शाळेत घालतात ते त्याला ग्रंथांपर्यंत, पदवीपर्यंत जाता यावे म्हणून. म्हणून वस्तू हातात द्यावी ती विचारापर्यंत पोहोचण्यासाठी, आणि त्या विचाराला वरची मर्यादा शिक्षकाने घालू नये, असे मी माझ्यापुरते ठरवले आहे.

पुढच्या आठवड्यात तोच वर्ग पुन्हा मिळाला. या वेळी संत्र्याशेजारी कागदाची एक लांब पट्टीही ठेवली आणि दोहोंपैकी कशाचे समान भाग होतील, असे विचारले. त्या मुलाला मी म्हटले, “त्या दिवशी तू जे म्हणाला होतास ते बरोबर होतं. पुन्हा सांगशील का?” त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, “काही नाही मॅडम.” मी आग्रह केला नाही. पट्टीच्या घड्या सुरू झाल्या, आणि भाग समान आहेत हे ओळखायचे कसे, यावर पहिल्या बाकावरच्या मुलीने तुकडे कापून एकावर एक ठेवून पाहिले. तो मुलगा मागून उठून तिच्या बाकापाशी आला आणि कडा जुळतात का ते वाकून बघू लागला.

माझ्या टाचणवहीत आता एक रकाना जास्त आहे. मुले वर्गात काय म्हणाली ते त्यांच्याच शब्दांत मी त्यात लिहिते. पहिल्या ओळीत ‘फोडी तं लहान-मोठ्या हायेत’ एवढेच आहे, आणि त्यातले क्रियापद मी तसेच ठेवले आहे.