काचेवरचं जीपीएस मी अजून का काढलेलं नाही

आमच्या गाडीत अजून वेगळं जीपीएस आहे. गार्मिन कंपनीचं नुवी २५५डब्ल्यू. ४.३ इंची पडदा, काचेला रबरी सक्शन कपने चिकटतं, आणि सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून त्याची वायर येते. गाडीत नवीन कोणी बसलं की विचारतं, "अगं, फोन आहे ना तुझ्याकडे?" आहे. शहरात मीही फोनच लावते, कारण ट्रॅफिक कुठे तुंबलाय हे या जुन्या यंत्राला कळत नाही. पण अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधलं आमचं डेन्व्हर सोडून डोंगरात शिरायचं असेल, तर माझा भरवसा नुवीवर जास्त आहे. परवा फराळाला जमलो होतो तेव्हा हा विषय निघाला आणि अर्धवट राहिला, म्हणून आज सविस्तर लिहिते.

लग्नानंतर मी कराडहून इथे आले ती डिपेंडंट व्हिसावर. नवरा सकाळी ऑफिसला गेला की दिवसभर घर आणि मी. आमच्या सबर्बमध्ये बस तासातासाने, तीही भलतीकडे जाणारी. गाडी येत नसेल तर इथे बाई घरातच अडकते. तशी गाडी मी लवकर शिकले, लायसन्सही मिळालं. भीती वाटायची ती रस्ता शोधण्याची. तेव्हा आम्ही मॅपक्वेस्ट या वेबसाइटवरून दिशा छापून घ्यायचो. कागद शेजारच्या सीटवर, गाडी ताशी ६५ मैलांवर, आणि कागदावर लिहिलेलं असायचं '०.३ मैलांवर उजवीकडे'. एक एक्झिट, म्हणजे हायवेवरून बाहेर पडायची वाट, हुकली की त्यापुढच्या सगळ्या ओळी निरुपयोगी. मग गाडी बाजूला घ्यायची, नवऱ्याला फोन करायचा, तो मीटिंगमध्ये असायचा. त्यामुळे माझं जग म्हणजे ग्रोसरी, देऊळ आणि लायब्ररी एवढंच होतं.

२००८च्या थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये नवऱ्याने हे आणलं. रस्त्यांची नावं मोठ्याने उच्चारणारं मॉडेल हवं असा माझा हट्ट होता, कारण पाट्या वाचत बसायला माझ्याकडे डोळे मोकळे नसायचे. त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट मला पहिल्या आठवड्यातच कळली: एक्झिट हुकली तरी काही बिघडत नाही. ते क्षणभर थांबतं आणि जिथे आहोत तिथून नवा रस्ता काढून देतं. 'हुकलं तर काय' ही धास्ती गेली आणि मग मी कुठेही जाऊ लागले. मंडळाच्या नाटकाच्या तालमी कोणाच्याही बेसमेंटमध्ये असायच्या, त्यांना जाऊ लागले. फोर्ट कॉलिन्सच्या मैत्रिणीकडे एकटी गेले. या यंत्राविषयी मी इतक्या आपुलकीने का बोलते, ते यावरून कळेल.

आई आली तेव्हा तिला याचं फार नवल वाटलं. "अगं, नुसता नंबर घातलास आणि दारात आणून सोडलं!" आमचं कराडचं घर पत्त्यावर सापडत नाही. ते पेठेत येऊन, देवळाच्या बोळात शिरून, कोणाला तरी विचारूनच सापडतं. पुढच्या सीटवर बसून आई त्या आवाजाला 'बाई' म्हणायची. "बाई म्हणतेय पुढे डावीकडे, तू कुठे लक्ष देतेयस?" पडद्यावरची पोचायची वेळ बघत बसायचं कामही तिने आपणहून घेतलं होतं.

नंबरावरून घर कसं सापडतं हे तिला समजावताना मलाही ते नीट कळलं. डेन्व्हरमध्ये ब्रॉडवे आणि एल्सवर्थ हे रस्ते जिथे छेदतात तिथून घरांचे नंबर सुरू होतात, आणि प्रत्येक चौकाला साधारण शंभराने वाढत जातात. सम नंबर एका बाजूला, विषम दुसऱ्या. अमेरिकेच्या जनगणना खात्याने १९९०च्या शिरगणतीसाठी 'टायगर' नावाचा संगणकीय नकाशा केला. त्यात रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याशी हे नोंदलेलं होतं की इथे अमुक ते अमुक नंबर आहेत. १२०० ते १२९८चा तुकडा असेल आणि तुम्ही १२५० मागितलं, तर यंत्र साधारण मधोमध बोट ठेवतं. प्रत्येक घर त्याला ठाऊक नसतं, ते अंदाज बांधतं, आणि नंबर सरळ असतील तर अंदाज बरोबर येतो. नॅव्हटेक आणि टेली अ‍ॅटलस या नकाशा कंपन्यांची माणसं गाड्या घेऊन रस्तोरस्ती फिरायची. एकेरी रस्ते, वळणबंदी, नवे पूल टिपून घ्यायची. त्या माणसांच्या कष्टांविषयी कोणी बोलत नाही. उपग्रहांवरून फक्त तुम्ही कुठे आहात ते कळतं. डावीकडे वळता येईल की नाही, हे कोणीतरी तिथे जाऊन पाहिलेलं असतं.

आपल्याकडे हेच काम १९९५ साली राकेश आणि रश्मी वर्मा यांनी सुरू केलं, त्यांचीच कंपनी पुढे मॅपमायइंडिया म्हणून ओळखली जाऊ लागली. पुण्याला भावाच्या गाडीत त्यांचं यंत्र होतं. तिथे घर नंबराने शोधायचं नसतं. हॉस्पिटल, शाळा, सोसायटीचं नाव शोधायचं असतं. त्यामुळे रस्त्यांइतकीच जागांची यादीही कोणीतरी जमवावी लागते. २०१७ साली त्यांनी प्रत्येक जागेला सहा अक्षरी कोड द्यायला सुरुवात केली, त्यामागे हीच अडचण होती. आईच्या बोळाला असा कोड असेल तर मला फार आनंद होईल.

आता उपग्रहांकडे येते, कारण ही गोष्ट आमच्या कोलोरॅडोची आहे आणि मला तिचा अभिमान वाटतो. जगभरच्या गाड्या, विमानं, बोटी वापरतात ते जीपीएस चालवलं जातं कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या पूर्वेला, अमेरिकेच्या अंतराळ दलाच्या श्रीव्हर तळावरून. आमच्या घरापासून गाडीने फार लांब नाही. नव्या पिढीचे जीपीएस उपग्रह डेन्व्हरजवळच वॉटरटन कॅन्यनमधल्या लॉकहीड मार्टिनच्या कारखान्यात बनतात. ते सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि प्रत्येक जण सतत एवढंच सांगत असतो की मी अमुक जागी आहे आणि आत्ता अमुक वाजले आहेत. सिग्नल आपल्यापर्यंत यायला सेकंदाचा साधारण चौदावा भाग लागतो. किती उशीर झाला त्यावरून अंतर निघतं. तीन उपग्रहांवरून जागा कळते, आणि आपल्या यंत्रातलं घड्याळ साधं असल्यामुळे त्याची चूक काढायला चौथा लागतो. उपग्रहांवरची आण्विक घड्याळं सापेक्षतेमुळे जमिनीवरच्या घड्याळापेक्षा रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ते दुरुस्त केलं नाही तर एका दिवसात दहा किलोमीटरहून जास्त गोंधळ होईल.

मे २०००पर्यंत सामान्य लोकांना मिळणारा सिग्नल मुद्दाम बिघडवलेला असायचा. चूक शंभर मीटरपर्यंत जायची. एवढ्या चुकीत तुम्ही आय-२५ हायवेवर आहात की त्याच्या शेजारच्या फ्रंटेज रोडवर, हे कळणंच शक्य नाही. क्लिंटन यांच्या सरकारने तो बिघाड बंद केला आणि मगच गाडीतलं जीपीएस खऱ्या अर्थाने कामाचं झालं. २००४ साली टॉमटॉम कंपनीचं 'गो' हे यंत्र आलं, २००५ साली गार्मिनचं नुवी.

या सगळ्यात मला मनापासून भावतं ते असं की यंत्र फक्त ऐकतं. माझं नुवी कुठेही काही पाठवत नाही. मी कुठे आहे हे मला आणि त्याला, एवढंच. आकाशातून येणारा तो सिग्नल कोणालाही मिळतो, त्याला खातं लागत नाही की पासवर्ड.

फोनमध्येही हाच सिग्नल येतो, हे सांगायला हवं. नेटवर्क गेलं म्हणून फोनचं जीपीएस बंद पडत नाही. त्याला कमी पडतो तो नकाशा, कारण आधी उतरवून ठेवला नसेल तर तो रस्त्यात हळूहळू मागवला जातो. नुवीच्या पोटात अख्खा उत्तर अमेरिकेचा नकाशा आहे. युटामध्ये आय-७०वर ग्रीन रिव्हर ते सलायना हा टप्पा सुमारे ११० मैलांचा आहे. मध्ये ना पंप, ना गाव, फक्त लाल डोंगर. त्या टप्प्यात शिरण्याआधी नुवीवर 'इंधन' दाबलं की जवळचे पंप अंतरासकट दिसतात आणि ग्रीन रिव्हरलाच टाकी भरून घ्यायची हे आपोआप कळतं. पडद्यावरच्या गाडीच्या चित्राला बोट लावलं की आपले अक्षांश-रेखांश, जवळचं हॉस्पिटल आणि पोलीस ठाणं दिसतं. ९११ या इथल्या आणीबाणीच्या नंबराला फोन लागलाच, तर हेच सांगायचं असतं. शिवाय उन्हाळ्यात काचेवर ठेवलेला फोन तापून बंद पडलेला मी पाहिलाय. नुवी कधी असं बंद पडलं नाही.

फोन जास्त हुशार, हे मान्य. पण २०१९च्या जूनमध्ये आमच्या विमानतळाच्या रस्त्यावर अपघात झाला, तेव्हा फोनवरच्या नकाशाने आडवाट सुचवली आणि शंभराच्या आसपास गाड्या चिखलात रुतल्या. २०२१च्या उन्हाळ्यात दरडींनी ग्लेनवुड कॅन्यन दोन आठवडे बंद होता, तेव्हाही लोक जवळची वाट म्हणून भलत्या घाटांत शिरत होते. नुवीलाही घाट बंद आहे हे कळत नाही. इंडिपेंडन्स पास १२,०९५ फुटांवर आहे आणि हिवाळाभर बंद असतो. त्यामुळे निघण्यापूर्वी मी राज्याच्या वाहतूक खात्याची सीओट्रिप साइट बघते, आणि सीटखाली कागदी अ‍ॅटलस आहेच.

२८ ऑक्टोबर २००९ला गूगलने फोनवर फुकट नॅव्हिगेशन जाहीर केलं आणि त्याच दिवशी गार्मिन, टॉमटॉमचे शेअर कोसळले. हळूहळू ओळखीच्या सगळ्यांच्या काचेवरून ही यंत्रं उतरली. गार्मिन अजून गाडीसाठी वेगळी यंत्रं विकते, आणि ट्रकवाले, आरव्हीवाले (म्हणजे फिरत्या घरासारखी मोठी गाडी असलेले) ती घेतात, कारण पुलाची उंची, वजनाची मर्यादा धरून रस्ता काढणारं त्यांना लागतंच.

आता मुलगी पंधराची झाली आहे आणि परमिटवर, म्हणजे शिकाऊ परवान्यावर, गाडी शिकतेय. कोलोरॅडोत १८ वर्षांखालच्या चालकाला गाडी चालवताना फोन वापरायला बंदी आहे, आणि १ जानेवारी २०२५पासून मोठ्यांनाही तो हातात धरता येत नाही. म्हणून तिच्यासाठी नुवीच लावते. मेसेज येत नाही, कोणाचा फोन येत नाही, पडद्यावर फक्त रस्ता. तिला एक सवय लावतेय: निघण्याआधी पूर्ण मार्ग एकदा बघायचा, मोठी तीन वळणं तोंडाने म्हणायची, मग गिअर टाकायचा.

जुनं नुवी कपाटात पडलं असेल तर टाकू नका. नवा नकाशा त्याच्या मेमरीत मावत नाही, पण बाजूला मेमरी कार्डाची खाच आहे, तिथे नकाशा टाकता येतो. खूप दिवसांनी चालू केलं तर मोकळ्या आकाशाखाली थोडा वेळ उभं राहू द्या, त्याला उपग्रहांची नवी माहिती उतरवून घ्यायची असते. बोगद्यात आणि उंच इमारतींमध्ये ते गोंधळतं, तेवढं सांभाळा. काचेवर लावताना खालच्या कोपऱ्यात लावा. काही राज्यांत तेवढीच जागा चालते. कॅलिफोर्नियात तर २००९पूर्वी काचेवर लावायलाच परवानगी नव्हती.

आमच्या नुवीची काचेवरची पकड उन्हाने कडक झालीय, थंडीत सुटते. २५५ला बसणारी जास्तीची पकड कोणाकडे असेल तर कळवा, येऊन घेऊन जाईन.