बोट का घेत नाही?

काल एक काका दुकानात आले. “डिस्प्ले बदलल्यापासून बोटच घेत नाही हो.” फोन बघितला. स्क्रीन कडेने जराशी वर आलेली, काळा वॉलपेपर राखाडी दिसतोय. म्हणजे मूळचा ओएलईडी डिस्प्ले काढून कुणीतरी स्वस्तातला, एलसीडी प्रकारचा चिकटवलाय. स्क्रीनखालचा, बोटाचा ठसा ओळखणारा सेन्सर बिचारा ठणठणीत!

ओएलईडीत पिक्सेल स्वतःच उजळतात. बोटावर आपटून परतलेला उजेड त्यांच्यामधल्या फटींतून खालच्या सेन्सरपर्यंत झिरपतो, रेषांचा फोटो निघतो. एलसीडीला मागे बॅकलाइट लागतो, आणि त्याचा परावर्तक थर वाटेतच आडवा येतो. २०१८ साली विवोने एक्स२० प्लस यूडी या फोनमध्ये स्क्रीनखालचा सेन्सर आणला, तेव्हा मला जादूच वाटली होती.

ओएलईडीचा भाव ऐकून काका म्हणाले, “राहू दे, पिन टाकतो.”

पिन होता १२३४.