भागिले अकरा

जूनच्या पहिल्या आठवड्यातील एका मंगळवारी, नांदेडमधील एका सोसायटीच्या गच्चीवर सात-आठ सभासदांच्या घोळक्यात उभा राहून मी माझाच आवाज ऐकत होतो. सोसायटीचे सचिव, निवृत्त शिक्षक, मोबाइल उंच धरून पॉडकास्टचे चौदावे मिनिट पुन्हापुन्हा लावत होते, आणि त्या आवाजातील माणूस माझ्याच विरोधात साक्ष देत आहे असे मला वाटू लागले होते.

माझा व्यवसाय लातूरमध्ये आहे. छतावरील पावसाचे पाणी गाळून टाकीत साठवणे आणि जेथे जागा योग्य असेल तेथे त्याने बोअरचे पुनर्भरण करणे, हे काम मी करतो. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, त्या उन्हाळ्यानंतर मी नोकरी सोडून या कामात पडलो. त्या रेल्वेची हकिकत सांगता येणारा माणूस म्हणून पुण्यातील एका मोठ्या पॉडकास्टने मला गेल्या वर्षी पाहुणा म्हणून बोलावले. दीड तास गप्पा झाल्या. घागरींच्या रांगा, माझे नोकरी सोडणे, घरच्यांचा विरोध, असे सगळे मी मनापासून सांगितले. भाग प्रसिद्ध झाल्यावर आठवडाभर फोन वाजत राहिला. शाळासोबती, दूरचे मावसभाऊ, शाळेत व्याख्यानाला बोलावणारे मुख्याध्यापक, झालेच तर आमदारकीला उभे राहा म्हणणारे एक गृहस्थ. साठाहून अधिक फोन आले आणि काम एकही मिळाले नाही. निवेदकाने शेवटी विचारले होते की लोकांनी तुमच्याशी संपर्क कसा साधावा. त्यावर "पाणी वाचवा, तोच माझा संपर्क" असे काहीतरी मी बोलून गेलो होतो. स्वतःचा नंबर सांगणे मला कमीपणाचे वाटले. ते वाक्य आठवले की आजही कान गरम होतात.

त्या महिन्यात आमच्या कार्यालयात फोन घेणाऱ्या ताईंनी नोंदवहीत एक नवा रकाना आखला, "कुठून कळले". त्या म्हणाल्या, "दादा, साठ जणांनी तुमचं कौतुक केलं, पण कुणाच्या घराला पन्हळ तरी आहे का, हे कुणी सांगितलं नाही अन् आपणही विचारलं नाही." पुढचे सगळे या रकान्यामुळे सुधारले, असे मी मानतो.

दुसरे बोलावणे नांदेडच्या एका तरुणाचे होते. घर बांधणाऱ्यांसाठी आणि सोसायट्यांसाठी तो पॉडकास्ट चालवतो; ऐकणारे काहीशे असतील. पंखा बंद करून, दाराला गोधडी लावून त्याने त्याच्या घरातच ध्वनिमुद्रण केले. या वेळी जाण्यापूर्वी मी ताईंकडून गिऱ्हाईक रोज विचारते ते प्रश्न लिहून घेतले आणि रेल्वेची गोष्ट दोन मिनिटांत आटोपली. खर्चाबद्दल मी नेहमीप्रमाणे "जागेवर अवलंबून आहे" असे म्हणू लागलो, तेव्हा त्या पोराने मला सोडलेच नाही. शेवटी दुमजली घरासाठी आणि सोसायटीसाठी किती ते किती, हे सांगावे लागले. चौदाव्या मिनिटाला मी हिशेब दिला. गच्चीचे चौरस फूट गुणिले वर्षाचा पाऊस मिलिमीटरमध्ये, भागिले अकरा, म्हणजे लिटर निघतात, आणि त्यातले ऐंशी टक्के हाती लागतात असे धरायचे. हजार फुटांच्या गच्चीवर सातशे मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे एक्कावन्न हजार लिटर. त्याला जोडूनच सांगितले की गच्चीची लांबी-रुंदी आणि बोअरचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा, हिशेब आम्ही फुकट करून देऊ. प्रत्यक्ष पाहणीचे पंधराशे रुपये पडतील आणि काम दिले तर ते बिलातून वजा होतील. नंबर दोनदा, सावकाश सांगितला.

त्यावर तेवीस फोन आले, नऊ जणांनी मापे पाठवली. हे सचिव मात्र मापे पाठवायला थांबलेच नाहीत. "सर, मी नांदेडहून बोलायलो. हिशेब माझा मी केलाय. तुम्ही फक्त या." पाहणीचे पैसे त्यांनी त्याच दिवशी पाठवले, म्हणून ताईंनीही अधिक विचारपूस केली नाही आणि मी अहमदपूर, लोहा असा प्रवास करत मंगळवारी तेथे पोहोचलो.

गच्चीवर सचिवांनी वहीचे पान सर्वांसमोर धरले. गच्ची चोवीसशे चौरस फूट, पाऊस नऊशे मिलिमीटर, ऐंशी टक्के. उत्तर सतरा लाख अठ्ठावीस हजार लिटर. हा आकडा त्यांनी सोसायटीच्या फलकावरही लिहिला होता. मी मनातल्या मनात गुणाकार केला आणि घशाला कोरड पडली. गुरुजी अकराने भागायचे विसरले होते.

खरे सांगायचे तर क्षणभर गप्प बसण्याचा मोह झाला. समोर तयार गिऱ्हाईक होते, आणि आकडा मी दिलेला नव्हता. पण घोळक्याच्या कडेला खजिनदार हाताची घडी घालून उभे होते, आणि आज ना उद्या कोणीतरी भागाकार करणारच होते. मी म्हणालो, "गुरुजी, एक पायरी राहिली. हे सुमारे एक लाख सत्तावन्न हजार होतात." गुरुजींना ते पटेना. त्यांनी मोबाइल काढला, चौदावे मिनिट लावले आणि माझाच आवाज गच्चीवर घुमला, "भागिले अकरा". पुन्हा लावले, पुन्हा तेच. खजिनदार म्हणाले, "बघा, मी म्हणलो नव्हतो का?"

मला वाटले, काम गेले. परंतु खजिनदार खाली गेले आणि टँकरच्या पावत्यांची फाइल घेऊन आले. मागच्या उन्हाळ्यात पाच हजार लिटरचे सेहेचाळीस टँकर घेतल्याच्या त्या पावत्या होत्या. त्यांनी स्वतः भागाकार केला. एक लाख सत्तावन्न हजार म्हणजे एकतीस टँकर. "सतरा लाख म्हणलं तवा मला ही फसवणूक वाटली होती. एकतीस टँकर म्हणजे बोलण्यासारखं हाय." मी तेथेही अडवले, कारण जमिनीत मुरवलेले पाणी तेवढेच्या तेवढे परत मिळत नाही, आपल्याकडचा काळा पाषाण फक्त भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरात पाणी धरतो, आणि मुरलेले पाणी शेजाऱ्याच्या बोअरलाही लागू शकते. टाकीत जेवढे साठेल तेवढेच मोजून आपले म्हणता येते.

मग आम्ही खाली उतरलो. बांधकाम व्यावसायिकाने भोगवटा प्रमाणपत्रासाठी पाणी पुनर्भरणाचा म्हणून बसवलेला चार इंची पाइप पार्किंगच्या फरशीपाशी येऊन संपत होता. पुढे ना खड्डा होता, ना गाळणी. (२०२०च्या एकीकृत विकास नियमावलीनुसार ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरील नव्या बांधकामांना ही व्यवस्था सक्तीची आहे, त्यामुळे असे पाइप हल्ली जागोजाग दिसतात.) बोअर कुठे आहे असे विचारताच गुरुजी चालू लागले आणि सांडपाण्याच्या शोषखड्ड्यापासून पावले मोजत बोअरपाशी थांबले. "बारा. तुम्ही म्हणला होता की शोषखड्डा जवळ असेल तर बोअरमध्ये पाणी सोडू नका, म्हणून मी आधीच मोजलं होतं." भागाकार विसरलेल्या गुरुजींनी ही गोष्ट मात्र नेमकी लक्षात ठेवली होती.

त्यामुळे जे काम मी मनात धरून आलो होतो ते झाले नाही. बोअरचे पुनर्भरण वगळून मी जमिनीवरील टाकी, पहिल्या पावसाचे मळके पाणी वगळणारी तोटी, वाळू-खडी-कोळशाची गाळणी आणि टाकी भरून वाहणारे पाणी इमारतीच्या दुसऱ्या बाजूच्या वेगळ्या खड्ड्यात नेणारा पाइप, असे लहान अंदाजपत्रक पार्किंगमध्येच स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून लिहिले. खजिनदारांनी गाळणीच्या दरावर पाऊण तास घासाघीस केली, आणि पंधराशे रुपये वजा केले आहेत की नाही हे दोनदा तपासून इसाराचा धनादेश दिला. दोघे सभासद मात्र शेवटपर्यंत राजी नव्हते.

रात्री परतताना मी ताईंना फोन केला आणि यापुढे हिशेब आपणच करून पाठवायचा, कोणी स्वतः केला असेल तरी मापे मागवायचीच, असे ठरवले. त्या तरुणालाही कळवले. भागाच्या वर्णनात त्याने तीन पायऱ्यांचे उदाहरण आणि आमचा नंबर लिहून टाकला. त्या तेवीस फोनांतून आतापर्यंत तीन कामे झाली आहेत. चौथे परभणीचे आहे, खजिनदारांच्या मेहुण्यांचे. त्यांनी पॉडकास्ट ऐकलेलाच नाही. ताईंनी "कुठून कळले" या रकान्यात लिहिले आहे, "नांदेडचे खजिनदार, टँकरची फाइल".