फायबरच्या होडीची गेलेली चमक परत आणताना

मालवणात मासेमारीच्या पावसाळी बंदीत होड्या वर ओढल्या की फायबर किती उतरलंय ते कळतं, आमच्या निळ्या होडीवर हात फिरवला तर बोटांना खडूसारखी पांढरी पूड. उन्हाने खराब झालेला जेलकोट तो, म्हणजे फायबरवरचा चकचकीत रंगीत थर. त्यावर नुसतं वॅक्स मारून काही टिकत नाही ओ, आधी तो मेलेला थर काढायलाच हवा! गोड्या पाण्याने मीठ धुवून, शेडमध्ये, लोकरीचा पॅड, रबिंग कंपाउंड (घासून थर काढणारी पेस्ट), पॉलिशिंग मशीन स्लो आणि सतत फिरतं ठेवायचं, कारण जेलकोट जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो, कडांना तर खालचं फायबर लगेच उघडं पडतं. फारच खराब असेल तर आधी १००० नंबरचा वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर). मग बारीक पॉलिश, शेवटी वॅक्स, पण पाण्याखालच्या भागाला वॅक्स लावू नका, त्यावर अँटीफाउलिंग रंग (शेवाळ-शिंपले चिकटू न देणारा) धरत नाही.