घासणी भरल्यावर: कार्नोच्या 2.3 वरून 3.7 टक्के

माझं स्टर्लिंग इंजिन (आतली हवा आळीपाळीने तापवून-थंड करून चालणारं) फिरायला लागलं होतंच, या आठवड्यात मोजमाप केलं. गॅमा प्रकार (काम करणारा पिस्टन वेगळ्या नळीत), स्टीलची नळी. गरम टोकाला नायक्रोमची तार गुंडाळलीय, कारण स्पिरिटच्या दिव्याची उष्णता किती आत गेली हे कळत नाही. तारेचे वॅट मात्र मोजता येतात.

गरम टोक 320 अंश, थंड टोक 62. केल्विनमध्ये 593 आणि 335, म्हणजे कार्नोची मर्यादा (या दोन तापमानांत कुठल्याही इंजिनाला शक्य असलेली कमाल कार्यक्षमता) 43.5 टक्के. आत 42 वॅट. 40 मिमीच्या पुलीवर दोऱ्याचा ब्रेक लावला, 600 आरपीएमला 34 ग्रॅमची ओढ आली: 0.42 वॅट. म्हणजे 1 टक्का, कार्नोच्या 2.3 टक्के.

घर्षणावर खापर फोडण्याआधी कागद घेतला. आदर्श स्टर्लिंग चक्र कार्नोला गाठतं ते रिजनरेटर, म्हणजे थंड टोकाकडे जाणाऱ्या हवेची उष्णता साठवून परतताना तिलाच देणारा भाग, परिपूर्ण असेल तरच. माझं आकारमान गुणोत्तर (हवेचं सर्वांत जास्त भागिले सर्वांत कमी आकारमान) जेमतेम 1.25. एवढ्याशा प्रसरणातून काम थोडंच मिळतं, पण हवा मात्र दर फेरीला 335 वरून 593 ला तापवावी लागते. रिजनरेटर नसेल तर, घर्षण शून्य धरूनही, 43.5 ऐवजी 7.4 टक्केच कार्यक्षमता उरते! त्याने 90 टक्के उष्णता परत दिली तरी 29. रॉबर्ट स्टर्लिंग यांच्या 1816 च्या पेटंटचा गाभा हाच भाग का होता, ते आकडे मांडल्यावर खरं उमगलं.

मग पोकळ डिस्प्लेसर (हवेला गरम-थंड टोकांमध्ये ढकलणारा भाग) काढला आणि जाळीच्या नळीत स्टीलची घासणी भरून नवा केला, म्हणजे तोच रिजनरेटरचंही काम करेल. पहिल्यांदा गच्च भरली. हवेला वाटच मिळेना, 410 आरपीएमवर धापा टाकत होतं. दोऱ्यासारखे वेटोळे उलगडून निम्मी तार काढली, उरलेली बोटांनी विंचरून सैल बसवली. आता 640 आरपीएम, 46 ग्रॅम, म्हणजे 0.6 वॅट. आणि 320 अंश टिकवायला 38 वॅट पुरतात! 1.6 टक्के, कार्नोच्या 3.7.

नासासाठी सनपॉवर कंपनीने केलेल्या फ्री-पिस्टन (पिस्टनला दांडा-चाक न जोडलेल्या) स्टर्लिंग कन्व्हर्टरने गरम टोक 850 आणि थंड टोक 90 अंश असताना 38 टक्के गाठले, म्हणजे कार्नोच्या निम्म्याहून जास्त. हेलियम, भरपूर दाब, घासणारे भाग जवळपास नाहीत. माझ्या मते वास्तवातली शर्यत याच आकड्याशी लावावी, 43.5 शी नाही.

नळीच्या 0.5 मिमी भिंतीतून हिशोबाने 1.4 वॅट सरळ थंड टोकाकडे पळतात. पुढच्या रविवारी लेथवर ती 0.3 करतो.